चौदावा तक्ता

लेकीला शाळेत चित्र न्यायला नळी हवी होती, म्हणून मी कपाटातली काळी नळी काढली. झाकण उघडताच जुन्या कागदाचा वास आला. बऱ्याच वर्षांपूर्वी, भूकंपात खचलेल्या भरावाच्या जमिनीविषयी मी प्रबंध लिहिला होता आणि विद्यापीठाने त्याला उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार दिला होता. समारंभाला जाताना ग्योतोकु या जपानी उपनगरातून निघालेल्या गाडीत प्रबंध सहज चाळला, तर चौदाव्या तक्त्यात मोजणीच्या दोन ठिकाणांच्या आकड्यांची अदलाबदल झालेली. सभागृहाच्या दारातच मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. "निष्कर्ष बदलतो?" त्यांनी विचारलं. "नाही सर, पण आकडे चुकीचे आहेत." "पुरस्काराच्या शिफारशीवर सही माझी आहे. आज गप्प राहा." आत नाव पुकारलं. कमरेत वाकून, दोन्ही हात पुढे करून मी प्रमाणपत्र घेतलं. तिसऱ्या रांगेतून बायको खुणावत होती, हस की जरा! सोमवारी दुरुस्तीचा कागद घेऊन गेलो, तेव्हा सर म्हणाले, "मी निवृत्त होईपर्यंत थांब." ते निवृत्त झाले, पण तोवर त्यांच्याच शिफारशीवर मला नोकरी लागली होती. "बाबा, आत दोन कागद आहेत," लेक म्हणाली. प्रमाणपत्र आणि दुरुस्तीचा कागद, मी दोन्ही परत आत सरकवले आणि तिच्यासाठी नवी नळी आणायला बाहेर पडलो.