पायाचा अभ्यास

मागासलेल्या भागातल्या मुलांसाठी पुण्याच्या मेडिकल स्कूलमध्ये काही जागा ठेवल्या होत्या. त्यातली एक मला मिळाली. आमच्या कोरीट गावातून त्याआधी कुणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते. नंदुरबारच्या फलाटावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारले, "पहिलं काय शिकाडतीन रे?"

मी ऐकले होते तेच सांगितले. "आधी हात, मग पाय."

"मंग मन्हा पाय दुखना ते तुलेच दखाडसू," आबा हसून म्हणाले. मीही हसलो.

हात आणि पाय शिकायचे ते मेलेल्या माणसाचे. आजारी माणूस वरच्या वर्गात गेल्यावर. चिरफाडीच्या टेबलाशी माझ्यासोबत उभ्या राहणाऱ्या एका मुलाचे वडील डॉक्टर होते, दुसऱ्याचे वकील. त्यांच्या घरी हे सांगावे लागत नसे. आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हते, आणि मी सांगितलेही नाही. प्रेताला हात लावतो हे कळले तर माय स्वयंपाकघरात येऊ देईल का, याचीच मला धास्ती होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आबा ओसरीवर पडून होते. बाजरी कापताना ताटाचा टोकदार सड तळपायात घुसला होता. पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता.

"नंदुरबारच्या दवाखान्यात का नेलं नाही?" मी मायला विचारले.

"कोनले हात लावू दिन्हा नही त्यास्नी. मन्हा डॉक्टर दिवाळीले ई ऱ्हायना, म्हनेत."

आबांनी पाय माझ्याकडे सरकवला. "शिकी उना ना भाऊ? मंग देख."

त्या पायातले प्रत्येक हाड मला माहीत होते. पण इतका तापलेला पाय मी कधी हातात धरला नव्हता. मी गाडी जुंपली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला. "इतके दिवस काय करत होतात?"

"पोऱ्यानी वाट देखी ऱ्हायनू व्हतू," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. "तो बी डॉक्टर शे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. पाय कापण्याची वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

तेराव्यानंतर शेजारची काकू तापलेले पोर घेऊन आली आणि ते तिने माझ्या मांडीवर ठेवले.

"काकू, मला अजून काही येत नाही," मी म्हणालो. "आम्ही मेलेल्या माणसांवर शिकतो."

आत माय भांडी घासत होती. तिचा हात थांबला. काकूला वाटले, मी दुःखात बोलतो आहे.

"ऱ्हाऊ दे भाऊ. तुले बरं वाटी तधळ देख. मी बसस," असे म्हणून ती खांबाला टेकून बसली.

मी पोर तिच्याकडे दिले आणि गोठ्यातले बैल सोडून नंदुरबारच्या दवाखान्यासाठी गाडी जुंपली.