मॅडमना दाखवलेला मोठा कारखाना

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. आणि मध्येच "काय गं हे, मंदा!" असं म्हणायचं नाही. ते मी स्वतःला रोज म्हणते.

गंगापूर रोडच्या मागे मळे सुरू होतात ना, तिथे पत्र्याचे सहा गाळे आहेत. त्यातला टोकाचा माझा. मी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणि बिस्किटं करते. लोकांना सांगताना मी "आम्ही करतो" असं म्हणते. पण आम्ही म्हणजे कोण? मी आणि लताबाई! लताबाई पेठकडची. नागली तिच्याच गावाहून येते. पीठ मळायचं काम तिचं, आणि नागलीचं पीठ मळणं म्हणजे काय असतं ते एकदा मळून बघा. संध्याकाळी तिचं मनगट सुजलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप ती डाव्या हाताने उचलायची.

म्हणून मी पीठ मळायच्या यंत्रासाठी सरकारी मदतीचा अर्ज केला. छोट्या उद्योगांसाठी राज्य सरकारची योजना होती. अर्ज केला आणि विसरून गेले. आणि एक दिवस फोन.

"मी सोनवणे बोलतेय, उद्योग खात्यातून. मंगळवारी तुमच्याकडे येऊ का? काम बघायचंय, थोडं बोलायचंय."

इथे माझं डोकं फिरलं. कारण सांगते. पूर्वी एक साहेब असेच गाळा बघायला आले होते. दारातच थांबले, आत नजर टाकली आणि म्हणाले, "एवढंच?" बस्स. चप्पलही न काढता गेले. तो शब्द माझ्या कानात असा रुतून बसला होता की मी ठरवलं, या मॅडमना "एवढंच?" म्हणायची संधी द्यायचीच नाही!

बाजूच्या गाळ्यात नामदेवभाऊ. मूळचे चांदवडचे. कांद्याचे काप यंत्रात वाळवून विकतात. अतिशय सरळ माणूस. मी त्यांच्याकडे गेले.

"भाऊ, एक दिवसापुरते तुमचे क्रेट द्याल? आणि तो मोठा वजनकाटा?"

"न्या की ताई. ईचारायचं काय त्याच्यात?" मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम येनार हाय म्हनता. लाईटचं घालाल का त्यांच्या कानावर?"

लाईट हे आम्हा सहाही गाळ्यांचं दुखणं. आमचं कनेक्शन शेतीच्या लाईनवर. लाईट कधी जाईल आणि कधी येईल, सांगता येत नाही. माझं फार अडत नाही हो, पण भाऊंचं वाळवायचं यंत्र मध्येच बंद पडलं की अर्धे ओले काप आंबतात. मग ते मुकाट्याने क्रेटच्या क्रेट उचलून मागच्या खड्ड्यात टाकून येतात. गाळ्यांसाठी वेगळी डीपी, म्हणजे विजेचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता, सहाही गाळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी मंगळवारी चांदवडला कांदा आनायला चाललोय. तुम्हीच द्या. तुम्हाला बोलता येतं."

"दिलाच म्हणून समजा!" मी म्हणाले. अगदी हेच शब्द.

मंगळवारी सकाळी माझा गाळा तुम्ही ओळखला नसता. भाऊंचे क्रेट छतापर्यंत. रिकामी खोकी त्यावर, चिकटपट्टी लावून, जणू आत्ताच ट्रक येणार आहे. मधोमध तो अवाढव्य काटा. आणि बायका! मागच्या मळ्यात भाजी काढायला येणाऱ्या सहा जणींना मी हातापाया पडून आणलं. डोक्याला टोप्या घातल्या, हातात पोळपाट-लाटणी दिली आणि सांगितलं, "फक्त लाटत राहायचं. बोलायचं नाही."

लताबाई कोपऱ्यातून बघत होती. "ताई, ह्या कशाला?"

"शोभेला!"

अकराला मॅडम आल्या. मला वाटलं होतं गाडी येईल, मागे शिपाई असेल. आल्या त्या स्कूटरवर, खांद्याला कापडी पिशवी. दारात चप्पल काढली. तिथेच मी शहाणी व्हायला हवं होतं. पण नाही!

"अरे वा," त्या चहूकडे बघत म्हणाल्या. "हे सगळं तुमचं?"

"हो तर!"

"अर्जात दोघी जणी काम करतात असं लिहिलंय."

"तेव्हा दोघी होतो. आता वाढलं ना काम. आठ जणी. कधीकधी बारासुद्धा."

मॅडम एका बाईजवळ बसल्या. "मावशी, तुम्ही काय करता इथे?"

मावशी बिचारी खरं बोलली. "मी मेथीच्या जुड्या बांधिते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मेथीचे पापड! नागली-मेथी. आमचा नवा प्रकार आहे."

"हो? बघू तरी एक."

"संपले."

"सगळे?"

"सगळे बाहेर गेले."

"बाहेर म्हणजे?"

आता "बाहेर म्हणजे पंचवटीत" म्हणाले असते तरी भागलं असतं. पण जीभ एकदा सुटली की ती माझं ऐकते थोडीच? मी म्हणाले, "दुबईला."

मॅडमनी ते लिहून घेतलं. खरंच सांगते, लिहून घेतलं! लताबाईच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

मग त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, यंत्राचं बघूच. पण मी खरं तर दुसऱ्या कामासाठी फिरतेय. छोट्या उद्योगांच्या अडचणी गोळा करतेय. मुंबईत बैठक आहे, तिथे मला तुमच्या बाजूने बोलायचंय. काय अडतं ते मोकळेपणाने सांगा. जागा, परवाने, लाईट, काहीही."

भाऊंचा कागद माझ्या पर्समध्ये होता. हात पर्सकडे गेलासुद्धा. पण मनात आलं, आत्ता दुबई म्हणाले आणि आता लाईट नाही म्हणून रडायचं? कसं दिसेल ते?

"अडचण? छे हो! काहीच नाही."

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पंखा थांबला, गाळ्यात अंधार. मळ्यातल्या बायका लाटायच्या थांबल्या. मॅडम म्हणाल्या, "लाईट जाते का इथे नेहमी?"

"नाही नाही! मीच बंद करायला सांगितली. तेवढीच बचत."

"ताई..." अंधारातून लताबाईचा आवाज आला.

"तू लाट गं!" मी म्हणाले.

मॅडमनी वही मिटली. "बरं वाटलं. इतकं सुरळीत चाललेलं फार कमी बघायला मिळतं." आणि गेल्या.

मी खूश! भाऊ चांदवडहून आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कागद दिला?" मी म्हणाले, "बोलणं झालंय सगळं." बघा, हेही खोटं नव्हतं म्हणे! त्या दिवशी लाईट संध्याकाळी आली. भाऊ यंत्रात ठेवून गेले होते तो माल आंबला होता. ते खड्ड्याकडे चार फेऱ्या मारताना मला दिसले. पाचवी दिसू नये म्हणून मी दार लोटून घेतलं.

दोन-तीन आठवड्यांनी मॅडमनी जिल्ह्यातल्या छोट्या उद्योजकांना एका सभागृहात बोलावलं. मी आणि भाऊ त्यांच्या टेम्पोतून गेलो. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत म्हणाले, "आपलं काम व्हनार ताई. मला वाटतंय. नाय झालं तर मी आवरतो आता. चांदवडला परत जातो."

मी खिडकीबाहेर बघत बसले.

सभागृह भरलेलं. मॅडमनी एकेका ठिकाणच्या अडचणी वाचायला घेतल्या. वणीच्या प्रसादाचे पेढे करणाऱ्यांना परवान्याची अडचण. चांदवडकडे मालाच्या रस्त्याची. यादी संपली. आमच्या गाळ्यांचं नाव नाही.

भाऊ उभे राहिले. "मॅडम, गंगापूर रोडचे गाळे राहिले वाटतं. लाईटचं व्हतं आमचं."

मॅडम गोंधळल्या. कागद चाळले. "पण तिथे मी स्वतः येऊन गेले. लाईटची काही अडचण नाही असं कळलं मला." मग त्यांना मी दिसले आणि चेहरा खुलला. "आणि बरं झालं, मंदाताई आल्याच आहेत! मित्रहो, यांचा अर्ज आम्ही बाजूला ठेवला, पण आनंदाने ठेवला. ही योजना लहानांसाठी आहे आणि ताई त्याच्या पुढे गेल्या आहेत. आठ-दहा जणींना काम, परदेशात माल आणि कसलीही तक्रार नाही! या ताई, हे सगळं कसं जमवलं ते सांगा सगळ्यांना."

टाळ्या! मला कुणीतरी पुष्पगुच्छ दिला. कुणीतरी पुढे ढकललं. हातात माइक आला.

तिथून मला भाऊ दिसत होते. तुम्हाला वाटेल, रागावले असतील. नाही हो. त्यांना अजूनही वाटत होतं की मॅडमची काहीतरी गफलत झालीय आणि ताई आता ती दुरुस्त करणार. त्यांनी मला मान हलवून खूण केली, "बोला, बोला."

ती मान मी विसरणार नाही.

मी म्हणाले, "मॅडम, क्रेट यांचे होते."

"काय?"

"क्रेट यांचे. काटा यांचा. बायका मळ्यातल्या. खोकी रिकामी. पापड दुबईला काय, दिंडोरीलासुद्धा गेलेले नाहीत." सभागृहात हसू फुटलं. "मेथीचे पापड नाहीतच. मावशी खरोखर मेथीच्या जुड्या बांधतात." लोक बाकांवर हात आपटायला लागले. "आणि लाईट मी बंद केली नव्हती. ती गेली होती. ती रोज जाते. त्या दिवशी ती गेली तेव्हा या नामदेवभाऊंचा सगळा माल खराब झाला, आणि त्यांचा अर्ज माझ्या पर्समध्ये होता."

हसू थांबलं. पर्समधून कागद काढला. घडीवर पापडाचं पीठ लागलं होतं. तो मॅडमच्या हातात दिला आणि पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला.

मॅडमनी कागद पूर्ण वाचला, सह्यांपर्यंत. मग हळू आवाजात मलाच म्हणाल्या, "ताई, तुम्ही लपवलंत तर मी मांडू काय?"

परत येताना एका सिग्नलला टेम्पो थांबवून भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही क्रेट मागितले, मी दिले. मी एक कागद दिला..." सिग्नल सुटला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मॅडम न सांगता आल्या. गाळ्यात मी, लताबाई, एक शेगडी, दोन पोळपाट. त्या सतरंजीवर बसल्या, भाजलेला पापड खाल्ला, लताबाईचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग भाऊंच्या गाळ्यात तासभर होत्या. लाईट कधी जाते, कधी येते ते भाऊंनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. ती भिंतच मॅडमनी वहीत उतरवली.

मुंबईच्या बैठकीत त्या आमच्या बाजूने बोलल्या. नंतरही पाठपुरावा त्यांनीच केला. लगेच काही झालं नाही. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. पण गाळ्यांच्या मागे खांब आले, आणि एक दिवस डीपी बसली. भाऊ चांदवडला गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी वाळलेल्या कांद्याची एक पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "घ्या. दुबईवाल्या." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चेष्टा केली माझी. मी आत जाऊन डोळे पुसले, कांद्यावर ढकललं.

आणि माझा अर्ज? तो पुन्हा तपासला आणि मंजूर झाला. पत्र आलं. मी थाटात वाचायला घेतलं तर प्रवर्गाच्या रकान्यात लिहिलेलं, 'सूक्ष्म'.

मी लगेच फोन लावला. "मॅडम, टायपिंगची चूक झालीय. इथे लघु उद्योग हवं ना?"

"चूक नाही ताई. आधी सूक्ष्म, मग लघु, मग मध्यम. तुम्ही लघुच्याही खाली येता."

ऐका! कारखाना मोठा दाखवायला निघालेली मी, सही-शिक्क्यासकट सूक्ष्म!

आमचे हे बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी पत्र घेतलं, चष्मा लावला, तो शब्द दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता मी तुमच्यासमोर बसलेच आहे, या खुर्चीत मी कशी मावते तेही तुम्हाला दिसतंय. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी काळजीने म्हणाले,

"अगं, मॅडम तुला प्रत्यक्ष भेटल्या होत्या ना?"