लागली आणि बसली

कातड्यावर दोन भोकं आहेत, एक गोळी आत जाण्याचं आणि एक बाहेर पडण्याचं. वैजयंती दोन्हींना व्हर्नियर लावून बघते. दोन्ही सारखीच, मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. कडा स्वच्छ, फाटलेलं कुठे काही नाही. बाहेर पडण्याचं भोक मोठं आणि चिंध्या झालेलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. गोळीने आत आपलं काम केलं, असा त्याचा अर्थ झाला असता. ही गोळी एका दाराने आली आणि दुसऱ्या दाराने निघून गेली. चितळाची मादी मात्र त्यानंतर सकाळभर कुंपणाच्या कडेकडेने धावत होती, आणि वैजयंती तिच्यामागे.

गोळी घातलेलं ते पहिलंच चितळ. टेकडीवरच्या उद्यानात अजून सगळा कळप उभा आहे, क्षयाने खोकणारा. कुंपणापलीकडे गावची गुरं चरतात. कळप मारायचा, हे वर ठरून गेलंय. कुठल्या गोळीने मारायचा, एवढंच पशुवैद्यक म्हणून वैजयंतीने सांगायचं आहे. बाहेरून बोलावलेल्या दोन बंदूकवाल्यांना तिने त्या सकाळीच थांबवलं. पण गोळीचं नाव सांगणं म्हणजे हे मरण कबूल करणं, आणि तिथे तिची जीभ अडते.

"मॅडम, चार वाजता साहेबांचा फोन येणार," वनक्षेत्रपाल इंगवले दारातून सांगतात. "काहीतरी सांगायला लागेल."

"कळवते."

"आठवडाभर कळवताय. मी तर आता झोपेतपण 'मॅडम कळवतात' म्हणतो. बायको विचारते, कोण ही मॅडम."

ती हसत नाही. इंगवले दार ओढून घेतात. कूलर घरघरत असतो. तीन रात्रींची झोप राहिलेली आहे, म्हणून ती चौकीतल्या खाटेवर नुसती पाठ टेकते. डोळे मिटले तरी दोन भोकं दिसतातच. मग त्यांतलं एक हळूहळू लांब होत जातं, खोल होतं, नळीसारखं गुळगुळीत होतं. पलीकडच्या टोकाला उजेडाचा ठिपका आहे आणि त्या ठिपक्यात एक डोळा.

"दिसतोय का उजेड?" पलीकडून सुभद्राआत्या विचारते.

"दिसतोय."

"मग डोळा काढ की. नळीत डोळा घालून बसायला दुर्बीण आहे का ती?"

वैजयंती डोळा काढते. कोल्हापूरच्या घराची पडवी आहे. आत्या चटईवर बसून रायफलीच्या नळीतून तेलाचा बोळा ओढते आहे. अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, पायात कॅनव्हासचे बूट. शिकारीला सरकारी परवाना मिळायचा त्या काळात ती हेच बूट घालून रानात जायची. शिकार बंद झाली तेव्हा तिने शिकार सोडली, नेम सोडला नाही. लहानग्या वैजूला कागदावर नेम धरायला तिनेच शिकवलं. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला मधोमध खाच आहे. रायफलीच्या खटक्यात एकदा ते सापडलं, आणि पुढे जन्मभर तसंच वाढलं.

"आत्या, तू गेलीस ना?"

"गेले की. म्हणून बंदूक गंजू द्यायची? तू तर खंडेनवमीला हळदकुंकू वाहतेस आणि पुन्हा कपाटात ठेवतेस. देव केलास तिचा."

पुढ्यात चहाची बशी आहे. बशीत दोन काडतुसं. आत्या एक उचलून वैजयंतीच्या हातावर ठेवते. "ही कुठली?"

"सॉलिड. टोकापर्यंत तांब्याचं आवरण."

"आणि ही?"

"सॉफ्ट नोज. नाकाशी शिसं उघडं."

"आता तू शिकलेली, तू सांग. आत गेल्यावर काय होतं?"

"मऊ नाक पसरतं. गोळीचा सगळा जोर छातीतच खर्च होतो. हृदय, फुप्फुसं एकदम निकामी होतात. रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही, शुद्ध जाते. सॉलिड पसरत नाही. आरपार जाते."

"आणि जोर बरोबर घेऊन जाते. जनावराला नुसतं भोक ठेवते."

"इंगवले म्हणतात, गावातल्या बाराबोरच्या बंदुका आणू. छर्रे मारू."

"छर्रे?" आत्या बोळा बशीत टाकते. "इतकुशा दाण्यांनी चितळाएवढं अंग वाटून घ्यायचं, आणि एक तरी फुप्फुसात जाईल अशी आशा धरायची. आशेवर बंदूक चालवतात होय गं?"

"त्या पहिल्या मादीला गोळी लागली होती, आत्या. मी बघितलं. लागली, आणि तरी ती..."

"लागली. बसली नाही. लागणं वेगळं, बसणं वेगळं. एवढीशी होतीस तेव्हापासून सांगतेय."

वैजयंती मान हलवते. पडवीचा कठडा थंड लागतो, लोखंडाचा. तो खाटेचा कठडा आहे. आत्या खाटेवर झोपलेली आहे, नाकात नळी, हातात नळी, आणि रायफल पांघरुणावर आडवी. परिचारिका येते, रायफल थोडी बाजूला सरकवते आणि सलाईन बदलून जाते.

"तुझे डॉक्टर रोज सकाळी यायचे," आत्या छताकडे बघत म्हणते. "म्हणायचे, औषध लागू पडतंय. पडत होतं की. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नुसतं लागतच होतं."

"मी काय करायला हवं होतं?"

"तुला कुठं विचारतेय? हरणांचं बोल."

"दुसरा काहीतरी मार्ग सांग ना."

"तूच शोधून आलीस. सांग, काय काय शोधलंस?"

वैजयंती सांगायला लागते. चाऱ्यातून औषध दिलं. जी जास्त खोकतात तीच खात नाहीत. डार्ट मारून बेशुद्ध करून सुई द्यावी म्हटलं, तर दोन चितळं डार्ट लागल्यावर भेदरून पळाली, पळून पळून त्यांचे स्नायू जळाले, आणि तडफडून गेली. दुसरीकडे न्यावीत, तर आजार कोण घेणार? काही केलं नाही, तर ती वाळत वाळत मरतील, आणि गावच्या गुरांना देऊन मरतील. ती सांगत राहते आणि आवाज चढत जातो, कारण आजूबाजूला गोंगाट आहे. एसटी स्टँडचा. ती बाकावर बसली आहे. शेजारी पिशव्या, बोचकी, तोंडाला रुमाल लावलेली माणसं, आणि त्यांच्यामधे पाय दुमडून बसलेली चितळं. कुणीतरी खोकतं. मग दुसरं कुणीतरी. माणूस कोणता, चितळ कोणतं, आवाजावरून कळत नाही. भोंग्यातून बाई सांगते आहे, फलाट तीनवरील माद्यांनी कृपया उभं राहावं. एकही उठत नाही.

"ती त्या भोंग्यातल्या बाईचं नाही ऐकायची," आत्या म्हणते. आता ती शेजारीच बसली आहे, शेंगा सोलते आहे. "तुझ्या हातात काय आहे?"

वैजयंतीच्या हातात डबा आहे. मक्याचे दाणे असलेला, रोजचा. कुंपणात शिरताना ती तो खुळखुळवते. इथेही तिचा हात आपोआप हलतो. सगळी चितळं उठून उभी राहतात. पाय रोवून, आडवी, मान वर करून, कान तिच्याकडे. पिशव्यांमधे, बाकांमधे, तिकिटाच्या खिडकीसमोर, जिथे होती तिथेच. एकही बुजत नाही.

ती डब्यात बघते. आत मका नाही. मऊ नाकाची काडतुसं आहेत.

"हे नको," ती म्हणते. "आत्या, हे नको. ती माझ्यासाठी उभी राहतात. यातली तीन मी बाटलीने दूध पाजून वाढवलीत. माझ्या आवाजावर येतात."

"तेच तर."

"काय तेच?"

"पळत्या जनावराला सॉफ्ट नोजसुद्धा नुसती लागते, वैजे. बसवायची तर ते निवांत उभं पाहिजे, आणि तू जवळ. एकेकीला चाऱ्याच्या आडोशाला बोलवायचं, बाकीच्यांना दिसू द्यायचं नाही. त्या भाड्याच्या बंदूकवाल्यांसाठी उभी राहतील होय? त्यांची चाहूल लागली की कुंपणाला धडका घेतील."

"म्हणजे विश्वासाने आलेलीला मी मारायचं?"

"मग काय, घाबरलेलीला मारायचंय?"

फलाटावरची चितळं अजून तशीच उभी आहेत. त्यांतल्या एकीच्या नाकातून फेस येतो आहे. तरी ती कान पुढे करून डब्याकडे बघते आहे.

"माझा हात थरथरेल."

"आधी थरथरू दे, नंतर थरथरू दे. चाप ओढताना तेवढा नको."

"मला नाही जमणार."

"नेम कुठे धरायचा, सांग."

"पुढच्या पायाच्या लगेच मागे. छातीच्या उंचीचा खालचा तिसरा..."

"पुस्तक नको वाचूस. दाखव."

ती हात उचलते, पण जवळच्या चितळाच्या अंगाला लावू शकत नाही. आत्या शेंगांची टरफलं झटकते. मग वैजयंतीचा डावा दंड वर धरून, काखेखाली, बरगड्यांवर अंगठा रोवते. "इथं."

दुखतं. अंगठ्याखाली हृदय धडधडतं आहे, अगदी कातड्याला भिडून. आत्या अंगठा काढत नाही.

"शेवटी तू आलीस तेव्हा," ती हळू म्हणते, "मी मान वर केली होती. आठवतं?"

"आठवतं."

"दुसऱ्या कुणासाठीच करत नव्हते तेव्हा."

स्टँडवरचे पंखे एकेक करून थांबतात. भोंगा थांबतो. खोकणंही थांबतं. कुणीतरी दार वाजवतं आहे.

वीज गेली आहे. कूलर गप्प आहे आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास. वैजयंती उठून बसते, तशी डाव्या कुशीत कळ येते. ती खिडकीच्या उजेडात कुडता वर करून बघते. काखेखाली, बरगड्यांवर, नखाची लाल कोर उमटली आहे. कोर अखंड नाही. मधोमध तुटलेली आहे.

ती स्वतःची नखं बघते. रोज जनावरांत हात घालायचे म्हणून मुळापर्यंत कापलेली.

"मॅडम," दाराबाहेरून इंगवले. "साहेब फोनवर आहेत. काय सांगू? कळवतात म्हणू?"

टेबलावर कातड्याचा तुकडा तसाच पडला आहे. शेजारी मक्याचा डबा. ती डबा उचलते. तो नुसता उचलला तरी खुळखुळतो, आणि वरच्या अंगाला, कुंपणाजवळ, सुक्या पाचोळ्यावर खुरं वाजतात. कुणीतरी उठून उभं राहिलं आहे.

ती दार उघडते. इंगवले फोन हाताने झाकून उभे आहेत. तिचा चेहरा बघून ते फोन पुढे करतात.

"नमस्कार सर," ती म्हणते. "छर्रे नकोत. सॉलिडही नको. सॉफ्ट नोज लागेल, तीनशे पंधरा बोरची. रायफल माझ्याकडे आहे, माझ्या आत्याची, परवाना माझ्या नावावर आहे. तेवढी तुमची लेखी परवानगी द्या, आणि बाहेरचं कोणी पाठवू नका."

पलीकडून काहीतरी विचारलं जातं. ती डबा छातीशी धरते, आवाज होऊ नये म्हणून.

"हो सर. सगळी. मीच मारणार आहे."