मधुकाकांचा डावा खांदा

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी पिस्कॅटवेला कॉलेजच्या बसमध्ये होते. "सायली, काका गेले गं… झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता सहा आठवडे होतील. लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं. पण मधुकाका म्हटलं की आधी त्यांचा उत्साह आठवतो आणि मलाच बसल्या जागी चैन पडत नाही. म्हणून हा लेख थोडा हसत लिहिला गेला, तर वाचकांनी समजून घ्यावं.

मी वाशीमजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इथे अमेरिकेत एमएसला आले आणि काका-काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने मिळाली. काका मूळचे नागपूरचे, आयटीतून निवृत्त झालेले. ऑफिसातल्या एका जुन्या मित्राने, वॉल्टरने, त्यांना एकदा आपल्या शूटिंग क्लबवर नेलं. तिथे यंत्रातून केशरी तबकड्या हवेत उडतात आणि छर्ऱ्याच्या बंदुकीने त्या उडत्या फोडायच्या. तबकडीला 'क्ले' म्हणतात. काका त्या दिवशी घरी आले ते वेडे होऊनच. मग दर शनिवारी ड्राइव्ह करून क्लबवर जायचं. मी सोबत, स्कोअर लिहायला. स्कोअर लिहिण्यात फारसं काम नसायचं. पंचवीसपैकी तीन, फार तर चार. वॉल्टर त्यांना पुन्हा पुन्हा काहीतरी सुचवायचा आणि काका दर वेळी क्लबच्या बंदुकीला दोष द्यायचे. "भाड्याच्या चपलेत कोणी पळू शकते का वं? आपली स्वतःची पाहिजे."

मग सुरू झाली बंदुकीची निवड. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. क्लेसाठी जड बंदूक बरी, कारण ती संथ, एका लयीत फिरते. पण काकांना हिवाळ्याआधी वॉल्टरबरोबर फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याच्या, शिकारीलाही जायचं होतं आणि दिवसभर शेतातून चालायला हलकी हवी. दोन बंदुका घेऊ द्यायला काकू तयार नव्हत्या. "एकच आणा. ती क्ले पण फोडेल आणि कोंबडी पण मारेल," हा त्यांचा निकाल. त्यामुळे काकांनी वजन, नळीची लांबी, धक्का किती बसतो, सगळं तोलून पाहिलं. परवान्याची कागदपत्रं आली. शेवटी ठरली वर-खाली दोन नळ्यांची, मध्यम वजनाची बारा बोअर. एवढा आनंदी माणूस मी या देशात पाहिला नव्हता… आणि मला मात्र आतून धाकधूक होत होती.

कारण मी एक गोष्ट पाहिली होती. मी स्वतः डावखुरी. आजी माझा हात बदलायला निघाली तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, राहू दे, तिला शिकायचंय. म्हणून मी तशीच राहिले. त्यामुळे दुसरं डावखुरं माणूस मला लगेच कळतं. काका लिहायचे, जेवायचे उजव्या हाताने. पण केळ्याची साल डब्यात फेकायचे डाव्याने, आणि नेम कधी चुकायचा नाही. गणपतीत जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढताना तो डाव्या डोळ्याला लावायचे. बंदूक मात्र उजव्या खांद्यावर. मग नळीच्या रेषेत उजवा डोळा, आणि नेम धरणार डावा… पण त्यांना हे सांगायचं कसं? मी वर्गातही हात वर करत नाही. हे तर काका, आणि गोष्ट त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीची.

दुकानात बंदूक काउंटरवर आली. दुकानदाराने सांगितलं की हिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, उजव्या खांद्यासाठी किंचित बाहेर वळवलेला आहे; चेहरा टेकवला की उजवा डोळा बरोबर नळीवर येतो. काकांनी सहीसाठी पेन उचललं. आता बोलले नाही, तर ते हीच बंदूक घेऊन वर्षानुवर्षं चुकत राहतील आणि दोष स्वतःला देतील, एवढं मला दिसलं.

"काका, एक मिनिट… तुमचा नेमाचा डोळा बहुतेक डावा आहे."

काकांनी पेन खाली ठेवलं. दुकानदार हसला नाही. त्याने त्यांना दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्या नाकाकडे बोट दाखवायला सांगितलं. समोरून त्याला स्पष्ट दिसलं: बोटाचं टोक काकांच्या डाव्या डोळ्याखाली आलं होतं. त्याने कागद गुंडाळले आणि डावखुऱ्यांच्या दस्त्याची मागवतो म्हणाला.

परत येताना गाडीत काका म्हणाले, लहानपणी जेवताना आई त्यांचा डावा हात फडक्याने बांधून ठेवायची. "मी उजवाच आहे असं साठ वर्षं मलाच वाटून राहिलं होतं. तू आधी का नाही बोलली वं?" मी म्हटलं, भीती वाटली. "कोणाची? माझी? वीस यार्डांवरची तबकडी मला घाबरत नाही, तू कशाला घाबरते?"

पुढच्या शनिवारी वॉल्टरने दोन्ही खांद्यांना चालेल अशी सरळ दस्त्याची बंदूक दिली. काकांनी ती डाव्या खांद्याला लावली, अवघडून, नव्याने सायकल शिकणाऱ्यासारखं. पहिली तबकडी हुकली. दुसरी… केशरी धूर झाला. नुसता धूर! काका बंदूक उघडून, काडतुसं काढून, खाली ठेवून मगच नाचले. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी मी पंचवीसपैकी चौदा लिहिले.

त्यांची बंदूक आली आणि त्यांना एकच हंगाम मिळाला. मक्याच्या कापलेल्या शेतातून वॉल्टरच्या कुत्रीने एक फेझंट उठवला आणि काकांनी तो पाडला. "मी नाही शिजवणार" म्हणणाऱ्या काकूंनी त्याचा असा सावजी रस्सा केला की वॉल्टर घाम पुसत तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

बंदूक आता नियमाप्रमाणे दुकानात जमा झाली आहे. पण गॅरेजच्या दाराशी खुंटीवर काकांचं शूटिंगचं जॅकेट अजून आहे. त्याच्या उजव्या खांद्यावरचा चामड्याचा तुकडा काकूंनी उसवून डाव्या खांद्यावर शिवला होता. उजवीकडे जुन्या टाक्यांची भोकं रांगेने तशीच दिसतात. काल कॉलेजला निघताना मी त्यांवरून बोट फिरवलं. मग वर्गात प्राध्यापकांचं एक गणित मला चुकलेलं वाटलं… आणि मी हात वर केला. डावा.