राखेचा थर

गेल्या वर्षी आमच्या घरात जग रोज संध्याकाळी बुडायचं. मी शाळेतून येऊन पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच बाहेरच्या खोलीत अप्पांचा मोबाइल सुरू झालेला असायचा. कुणीतरी घाबरवणाऱ्या आवाजात हिंदीतून सांगत असायचं, की बारा हजार वर्षांपूर्वी धूमकेतूचे तुकडे पृथ्वीवर कोसळले, डोंगराएवढा बर्फ एका झटक्यात वितळला, समुद्र चढला आणि आपल्याहून शहाणी अशी एक संस्कृती घरादारासकट पाण्याखाली गेली. मागे ढोल वाजत असायचे. वडिलांना कमी ऐकू येतं आणि कानाचं मशीन लावायला ते तयार नाहीत. त्यामुळे हा प्रलय खाली गल्लीतल्या शिंप्यालाही ऐकू जायचा.

मी शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर पोरांना खंडं, वारे आणि नद्या सांगून घसा बसलेला असतो. घरी कुणी भूगोलाचं नाव काढू नये एवढीच माझी अपेक्षा. पण मी दारात दिसले की अप्पांना हुरूप यायचा. "तुमच्या पुस्तकात हे का न्हाय गं?" जसं काही पुस्तक मीच छापलंय. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं ऐकण्यात आता कुणाला रस नाही, मला सांगण्यातही नाही. पण हे सगळं ऐकायला घरात आणखी एखादं माणूस असतं तर बरं झालं असतं, असं त्या वर्षी फार वाटलं. त्यात आमच्या भवानी पेठेत नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. तिकडे मोबाइलवर समुद्र चढत असायचा आणि इकडे मी पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडत असायचे. हसू यायला हवं होतं, पण मी दमलेली असायचे.

ही कटकट आई गेल्यावर सुरू झाली असं नातेवाईक समजतात. तसं नाही. आई गेल्यावर अप्पा गप्प होते. कटकट सुरू झाली ती पूर येऊन गेल्यावर.

आमचं रान वळसंगला. अप्पांचं तरुणपणापासून पेठेत सुताचं दुकान, पण रान धाकट्या काकांनी सांभाळलं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात, तेही बसवून. खोल खड्डा काढायचा, त्याच्या एका बाजूला कोनाड्यासारखी जागा कोरायची, मांडी घातलेला देह तिथं बसवायचा, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग ठेवायचं. मग बेलाची पानं, मीठ आणि भरपूर विभूती, म्हणजे पांढरं भस्म, आणि वरून माती. आईलाही असंच बसवलं. वरच्या रानात हातभर खाली मुरूम लागतो, तिथं खोल खणणं जमेना. म्हणून अप्पांनी ओढ्याकाठचा तुकडा निवडला. तिथली गाळाची माती भराभर निघाली. "मऊ जागा हाय, तिला बरी पडंल," असं ते म्हणाले होते.

वर चौथरा लगेच बांधत नाहीत. माती बसू द्यायची, वर्ष होऊ द्यायचं, मग दगड आणायचा, असं आमच्याकडे चालत आलंय. तोवर खुणेला मातीचा उंचवटा आणि त्यावर अप्पांनी लावलेलं बेलाचं रोप. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी ओढ्याला असं पाणी आलं, की गावातल्या म्हाताऱ्यांनीही तसं पाहिलेलं नव्हतं. ते ओसरल्यावर आम्ही गेलो, तर उंचवटा नाही, बेल नाही, बांध नाही, बांधावरच्या बाभळीही नाहीत. नुसता ओला गाळ, हात फिरवल्यासारखा सपाट. अप्पा त्या गाळाच्या कडेला उभे राहिले आणि इकडे की तिकडे, त्यांना काही सांगता येईना. एवढा हिशेबी माणूस, दुकानातल्या कुठल्या फळीवर कुठल्या काऊंटचं सूत आहे हे डोळे मिटून सांगणारा. मला त्यांची फार दया आली आणि रागही आला.

तेव्हापासून त्यांचा एकच हट्ट. चौथरा बांधायचा तो तिच्यावरच, नाहीतर बांधायचाच नाही. आणि वर्ष तर भरत आलेलं.

जागा शोधायला त्यांनी मोबाइल हातात घेतला. पुरात गेलेली जागा कशी ओळखायची, असं काहीतरी त्यांनी त्याला बोलून विचारलं असणार. मोबाइलला काय कळतंय. त्यानं पुराला पूर जोडत त्यांना थेट बारा हजार वर्षं मागं नेलं. तिथून ते परत यायला तयार नव्हते.

सुरुवातीला मी भांडले. लोणारला आकाशातून दगड पडला हे खरं, तिथं मी मुलांची सहलही नेली आहे. हिमयुग संपताना समुद्र वर चढला हेही खरं, पण हजारो वर्षांत. त्यात कुणी विमानं उडवणारे लोक बुडाले याला पुरावा नाही. अप्पा मान हलवून ऐकायचे आणि मग द्वारका काढायचे. द्वारकेवरून मनूच्या होडीवर जायचे. मी तिथंही नाही म्हटलं की हुकमी पत्ता टाकायचे. "उजनी धरणाच्या पोटात गावं हायत का न्हाईत? पाणी आटलं की देवळाचं शिखर दिसतंय की. मग? पाण्यात गेलं म्हंजे नाहीसं झालं असं कोण म्हनलं तुला?"

नंतर मी भांडणं सोडलं. समोर वह्यांचा गठ्ठा घ्यायचा आणि अधूनमधून "हं" म्हणायचं. ऐकून घेणं हे स्वयंपाकाइतकंच रोजचं काम होऊन बसलं होतं, आणि त्याला रविवारचीही सुट्टी नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्यातरी परदेशातल्या नदीचा तुटलेला काठ, त्यात एकावर एक मातीचे पट्टे आणि मधोमध एक बारीक काळी रेघ. "ही राख हाय," अप्पा म्हणाले. "जग जळलं त्या वक्ताची. खरं हाय का?"

"काही शास्त्रज्ञ तसं म्हणतात," मी वहीतून मान वर न काढता म्हटलं. "बरेच जण नाही म्हणतात."

"पण रेघ हाय न्हवं? ती तर दिसतीया."

"रेघ आहे."

"मग बारा हजार वर्सं राख जाग्यावर ऱ्हाती, तर आपली विभूती वर्साच्या आत कुटं जाती? पोतंभर घातलीया मी सोताच्या हातानं. खाली थर असंलच की."

मी लाल पेन खाली ठेवलं. इतके महिने हा माणूस जग कसं बुडालं ते ऐकत नव्हता. बुडालेलं काय काय उरतं, ते ऐकत होता. मला हे आधी कळायला हवं होतं, पण रोज कानावर आदळणाऱ्या आवाजात काही शोधायची ताकद माझ्यात नव्हती. मी त्यांना चहा करून दिला आणि येत्या रविवारी रानात येते म्हणाले.

मग आमचे रविवार वळसंगला जाऊ लागले. अक्कलकोट रस्त्यानं बस, पुढं काकांची मोटरसायकल, तीही एकेकाला नेत दोन खेपा करून. वरच्या रानात ज्वारीचा शाळू पोटरीला आलेला, कणसं बाहेर पडायच्या बेतात, खाली मात्र तो गाळाचा तुकडा तसाच उघडा. काकांना त्यात काहीतरी पेरायचं होतं, पण थोरल्या भावापुढं त्यांचं तोंड उघडत नव्हतं. अप्पा पहार घेऊन जागोजाग ठोसायचे, टोकाला लागलेली माती बोटांवर घ्यायचे, उन्हात धरायचे. पांढरं काही दिसलं नाही की चार पावलं पुढं. मी वरच्या रानाच्या बांधावर बसून वह्या तपासायचे. ऊन चढलं की चटणी-भाकरी खायची आणि पुन्हा तेच.

एकदा काकांनी धीर केला. "अण्णा, वैनी लिंगैक्य झाल्या. लिंगात मिळालं त्याला जागा कसली? कुटं बी बांधा, पोचतंय की."

"मग पुरायचं तरी कशाला?" अप्पा पहार न थांबवता म्हणाले. "जाळून मोकळं व्हायचं, लोकावानी."

काका घाम पुसत वरच्या रानाकडे निघून गेले. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं होतं आणि अप्पांचंही.

वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले असताना एका रविवारी पहारीला पांढरं लागलं. काकांनी कुदळ घेऊन तिथं कमरेइतका खड्डा घेतला. तळाशी पांढुरक्या भुकटीचा थर, मधे मधे खडे. काकांनी टोपी काढली. "सापडलं की अण्णा," ते म्हणाले आणि हात जोडले. मग माझ्याकडे बघितलं. "सांग की गं. तू शिकलेली हाईस."

मला दिसत होतं ते काय आहे. आपल्या काळ्या मातीखाली ठिकठिकाणी चुनखडी असते, दहावीच्या पोरालाही मी ती दाखवते. ओढ्याच्या तुटक्या काठावर तोच थर पुढं लांबपर्यंत गेलेला दिसत होता. पण अप्पा खड्ड्यात उतरले होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर मातीनं भरलेलं. आणि मी किती थकले होते. हे रविवार, ही बस, तो धूमकेतू, सगळं संपावं असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या एका शब्दाचं काम होतं.

"हो अप्पा," मी म्हटलं. "विभूतीच आहे."

अप्पांनी चिमूट उचलली. ती कपाळाला लावतील असं मला वाटलं. पण त्यांनी ती बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली.

"चुनखडी हाय," ते म्हणाले. "ह्याच रानात वाढलोय मी. हिच्यावर पीक पिवळं पडतंय."

काका म्हणाले, "मग मला हिला इचारू कशाला दिलं?"

अप्पा माझ्याकडेच बघत होते. रागानं नव्हे, आणि ते मला जास्त लागलं. "धूमकेतू पडला का न्हाय, द्वारका बुडाली का न्हाय, त्यातलं खोटं निघालं तर माझं काय जातंय? ते लोक काय बी सांगू दे. हे तू मला खरं सांग. ती हितं हाय का न्हाय?"

खड्ड्याच्या काठावर मी खाली बसले. त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि असलं बोलणं मोठ्यानं बोलायची वेळ कुणावर येऊ नये. मी सांगितलं, की पूर्वी ओढा इथं वळण घेऊन बाहेरून जायचा. पाणी चढलं तेव्हा त्यानं वळण सोडलं आणि आपला तुकडा कापत सरळ गेला. आई होती ती माती मुळापासून गेली. आपण उभे आहोत तो गाळ वरच्या कुठल्यातरी रानातून आलेला आहे. ह्याच्या खाली काही नाही.

"थर बी न्हाय?"

"थरही नाही. अप्पा, ओढ्यानं तिला नेलं."

काका तोंड फिरवून शाळवाकडे बघत राहिले. अप्पा खड्ड्याच्या भिंतीला टेकले. मला वाटलं, आता ते पुन्हा द्वारका काढतील. मला ती त्या क्षणी चालली असती.

"कुटवर नेलं असंल?" त्यांनी विचारलं.

मी शाळेत सांगते तसं सांगितलं. दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. हा ओढा खाली नदीला मिळतो. नदी भीमेला जाते. भीमा कर्नाटकात उतरते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. कृष्णा तिथून पूर्वेला वळून आंध्रातून पार समुद्राला जाते. अप्पा ओठ हलवत एकेक नाव माझ्यामागून म्हणत होते. एवढ्या महिन्यांत त्यांनी माझा भूगोल पहिल्यांदाच ऐकून घेतला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते मी पुसलं नाही.

"समुद्रापत्तर," ते म्हणाले. मग हात वर केला, मी तो धरला, पण ते लगेच वर आले नाहीत.

"मैंदर्गीला म्हायेरी जायचं झालं तरी तुझी आई मला दुकान बंद करून सोबत चला म्हनायची," अप्पा म्हणाले. "एकटी कदी कुटं गेली न्हाय गं ती."