टेबलावरची घंटी

माझी मावशी एका कार्यालयात शिपाई होती. साहेबांच्या दाराबाहेर तिचं स्टूल होतं, पण ते बसायला दिलेलं होतं असं समजू नका. घंटी वाजली की उठायचं, आणि पुन्हा टेकावं तोवर परत घंटी. एकदा वाजली तर चहा, दोनदा वाजली तर फाइल, आणि वाजतच राहिली तर आज कुणाची तरी खैर नाही. ते कुणीतरी बहुतेकदा मावशीच असायची. साहेब तिच्याच वयाचे, तरी ती त्यांना अहो-जाहो करायची आणि ते तिला अगं-तुगं.

दोघंही निवृत्त झाले. मग कार्यालयाने जुन्या माणसांची तपासणी ठेवली, त्यात मानेतल्या रक्तवाहिन्या पाहिल्या. जन्मभर सिगारेटी फुंकलेल्या साहेबांच्या वाहिन्या ठणठणीत! त्या सिगारेटी आणून देणाऱ्या मावशीच्या मात्र कडक झालेल्या, एक तर चोंदत आलेली. डॉक्टर म्हणाले, "स्वभाव असतो एकेकाचा. तुम्ही फार मनाला लावून घेता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वभाव म्हणे! इतकी वर्षं खाली मान घालून बोलणी खायची हीच तिची नोकरी होती, आणि आता खापर तिच्या स्वभावावर?

ऑपरेशन लवकर व्हायला हवं होतं, नाहीतर अर्धांगाच्या झटक्याची भीती. पण रक्तदाब उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, आणि गोळ्या घेऊनही तो दवाखान्यात दर वेळी चढलेलाच. परवा मी सोबत आत गेले तेव्हा कारण कळलं. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि बाहेरच्या मदतनीस बाईंसाठी टेबलावरची घंटी वाजवली. मावशी पट्ट्यासकट ताडकन उभी!

"अहो मावशी, तुम्हाला नाही," डॉक्टर हसले.

ती ओशाळून बसली. जरा वेळाने पुन्हा घंटी, पुन्हा मावशी उभी.

"ती घंटी आधी उचला तिथून," मी म्हटलं.

"मग बाईंना बोलवायचं कसं?"

"हाक मारा. तोंड आहे ना तुम्हाला?"

"अगं, असं बोलतात का मोठ्यांशी?" मावशीने माझा हात दाबला. ते डॉक्टर तिच्या मुलाच्या वयाचे होते.

तोंड फुगवून त्यांनी घंटी खणात टाकली. पाच मिनिटं जाऊ दिली. मग मोजलं, तर आकडा उतरलेला. पुन्हा मोजलं, तरी उतरलेलाच. ऑपरेशनची तारीख मिळाली. मावशी खुर्चीत मागे रेलली. तिची पाठ खुर्चीला टेकलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"घोटभर पाणी मिळेल का हो?" तिने विचारलं.

डॉक्टरांचा हात सवयीने खणात गेला आणि घंटी वाजली. "आले, आले," करत मदतनीस बाई धापा टाकत आत आल्या. केस पिकलेले, मावशीच्याच वयाच्या.

मावशी उठली. तिने बाईंना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"आता यांचं बघा."