दार लावून खेळलेला खेळ

जयवंताबाईंना पोरं भ्यायची, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणी गोडबोली, मायाळू बाई डोळ्यांपुढं आणू नये. टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका वस्तीवर ब्याण्णव सालापासून अंगणवाडी त्यांच्याकडं होती. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेली बाई, आवाज असा की या टोकाला हाक दिली की त्या टोकाचं पोरगं चड्डी सावरत पळत यायचं. पत्र्याची एक खोली, एक फळा, सुकडीचं पोतं आणि शेंबडी, रडकी पंचवीस-तीस पोरं. खेळ म्हणजे पोरांना दुपारपर्यंत रडू न देण्याची युक्ती, एवढीच बाईंची समजूत होती. जालन्याच्या ट्रेनिंगला एक मॅडम सांगून गेल्या होत्या की लेकराच्या पोटात जे दडलंय ते खेळात उतरतं, त्याला अडवू नका. तेव्हा जयवंताबाई मागच्या रांगेत डुलक्या घेत होत्या. पण कानावर पडलेलं कुठंतरी राहून जातंच.

त्या पोरांत बेबीनंदा होती, पाच वर्षांची. तिचा बाप वसंता जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला होता. चौघांत खोली करून राहायचा आणि सुट्टीला टेम्पोनं घरी यायचा. त्या वर्षी वैशाखात लालबुंद सळई मशीनमधून उसळली ती सरळ त्याच्या अंगावर आली. घरी आणलं ते कापडात गच्च बांधून. वसंताचा बाप रायभान म्हणाला, उघडायचं न्हाई, कुणी बघायचं न्हाई. पोरीला त्याआधीच मळ्यात कुणाकडं तरी पाठवून दिलं होतं. लहान लेकरानं मढं बघू नये, अशी आपली रीत. रात्र पडायच्या आत तिला परत आणलं तर घर सारवलेलं, माणसं पांगलेली. बाप कुठंय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा आजी झुंबरबाईनं सांगितलं, कामावर गेलाय जालन्याला.

आता पोर म्हणजे काय दगड आहे? आईच्या कपाळावर कुंकू न्हाई, हातात बांगडी न्हाई, येणारी-जाणारी बाई गळ्यात पडून ऊर बडवतेय, बांधून आणला, तोंडसुद्धा दावलं न्हाई म्हणतेय, आणि हिनं समजून घ्यायचं की बाप कामावर गेलाय! बेबीनंदानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. तिची वाचाच बसली. अंगारे झाले, गळ्यात गंडा झाला, झुंबरबाईनं दोन चापटी लावूनही बघितल्या. आई उषाबाई बियाण्याच्या प्लॉटवर रोजानं जायची, ती संध्याकाळी पोरीपुढं भाकरी कुस्करून बसून राहायची. चार घास गेले तर गेले. पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि ही काही पुढचा उन्हाळा बघत न्हाई असं बाया पाणवठ्यावर सरळ बोलायला लागल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जयवंताबाईंनी ओढ्याची काळी माती आणली आणि पोरांना बैल करायला बसवलं. सगळ्यांनी बैल केले. बेबीनंदानं माणूस केला, लांबलचक, आडवा. मंग आपल्या झग्याची फाटकी पट्टी ओढून काढली आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. दोन काड्या खाली घातल्या. शेजारच्या पोरांना काय सांगावं लागतंय? चौघं उठली, एकानं पुढं मातीचं बोळकं धरलं आणि पोरं खोलीभर ती तिरडी घेऊन फिरायला लागली.

बाईंचा हात वर गेला. तिरडीचा खेळ म्हणजे गावात केवढा अपशकुन! पोरं असं खेळली की कुणाच्या तरी घरी ते खरंच होतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण हात खाली यायच्या आत बेबीनंदा वाटेत आडवी पडली. महिनोन् महिने मुकी असलेली पोर घसा फोडून ओरडली, "तोंड दावा! मला तोंड दावा त्याचं!"

पोरं घाबरून थांबली. तिनं पट्टी सोडली, मातीच्या माणसाचं तोंड उघडं केलं आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून अशी रडली, अशी रडली, की जयवंताबाईंनी वर गेलेला हात खाली घेतला. त्या उठल्या आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

तेव्हापासून दार रोज लागायला लागलं. बाहेर सांगायचं, वाऱ्यानं धूळ येते. आत बेबीनंदा माणूस करायची, बांधायची, उघडायची, बघायची, पुन्हा झाकायची. शेवटी कोपऱ्यात पुरायची. बाईंनाही मनातून भीती वाटायची, कशाला खोटं बोला. सकाळी कडी लावताना त्या मारुतीचं नाव घ्यायच्या. पण पोरगी सुकडी मागून खायला लागली. एका पोराला चावली. घरी जाऊन आईला म्हणाली, मीठ जास्त झालंय. उषाबाई दुसऱ्या दिवशी काम बुडवून अंगणवाडीत आली, सगळा खेळ भिंतीला टेकून बघितला, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाई, मला तरी कुठं दावलं वो त्याचं तोंड." जयवंताबाईंनी मातीचा एक गोळा तिच्यापुढंही सरकवला. मायलेकी कितीतरी वेळ माती मळत बसल्या.

दिवाळीनंतर तो खेळ पातळ होत गेला. बेबीनंदा आता मातीच्या चुलीही करायची, भाकरीही थापायची. कधीमधी तिरडी निघायची, पण रडणं नसायचं. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर पोरगी त्यातून पुरती निघाली असती, असं जयवंताबाई पुढं जन्मभर म्हणायच्या.

तेवढे दिवस मिळाले नाहीत. पौषात आजा रायभान गेला. म्हातारा माणूस, दम्यानं आधीच खंगलेला, त्यात लेकाचा घाव. जायचाच होता. पण कुणाच्या तरी पोरानं घरी सांगितलं होतं की आम्ही दार लावून मढ्याचा खेळ खेळतो. दहावं व्हायच्या आत झुंबरबाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. माझा म्हातारा ह्या पोरीनं तिरडीवर घातला, आणि तिला शिकवणारी ही बसलीय. एका दिवसात अंगणवाडी रिकामी झाली. एक पोर येईना. रात्री खोलीवर दगड पडले.

पारावर बैठक बसली. वस्तीतले वजनदार गृहस्थ काकासाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी मधला रस्ता काढला. पोरीवरून उतारा टाकायचा, तिनं मारुतीपुढं नाक घासायचं, मातीची माणसं आपल्या हातानं ओढ्यात टाकायची, आणि पुन्हा खेळणार नाही असं सगळ्यांदेखत म्हणायचं. मंग विषय मिटला, पोरं येतील. जयवंताबाईंचा नवरा राधाकिसन म्हणाला, कर जल्दी आणि मोकळी हो, नोकरी घालवतीस का काय?

जयवंताबाई घरी येऊन विचार करत बसल्या. नाही म्हटलं तर अंगणवाडीला कुलूप, आणि बेबीनंदा दिवसभर झुंबरबाईच्या तावडीत. हो म्हटलं तर एक सकाळ जाईल, चार माणसांचं समाधान होईल, आणि आपण पुन्हा दार लावून घेऊ. त्यांना ते बिलकुल बराबर वाटलं. शिवाय मनाच्या तळाशी ती जुनी भीती होतीच, एकदा उतारा पडला तर बरंच, ही. कुणालाही असंच वाटलं असतं.

पोरगी दुसऱ्या कुणाबरोबर जाईना, म्हणून बाईंनीच तिचं बोट धरलं. मारुतीपुढं सगळी वस्ती जमली होती. झुंबरबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, लिंबू कापलं. बेबीनंदा बाईंच्या तोंडाकडं बघत होती. बाई बोलतील, ओरडतील, सगळ्यांना हाकलून देतील, असं तिला वाटत असणार. बाईंचा आवाज तिला ठाऊक होता ना. पण बाई खाली वाकल्या आणि तिच्या कानात म्हणाल्या, "म्हण बाळा, पुन्हा न्हाई खेळणार." तिनं म्हटलं. मातीची माणसं एकेक करून ओढ्यात टाकली. शेवटच्याचं तोंड उघडून बघायला गेली, तर झुंबरबाईनं हातावर फटका मारला.

पोरं परत आली. बेबीनंदाही यायची, पण भिंतीला पाठ लावून बसायची. पुन्हा तसंच मुकं तोंड, पुन्हा तशाच बरगड्या. उषाबाई एक दिवस रडत म्हणाली की पोरगी निजताना आजीच्या नाकापाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे का. तेव्हा कुठं जयवंताबाईंच्या डोक्यात उजेड पडला. आजीनं शिव्या दिल्या तर पोरीनं एका कानानं ऐकून सोडल्या असत्या. पण बाईंनी बोट धरून नेलं, बाईंनी म्हणायला लावलं. म्हणजे, पोरीला वाटलं, आजा खरंच आपण मारला. आणि आज्याला आपण मारलं, तर बापाला कुणी मारलं?

 दुसऱ्या दिवशी सगळी पोरं गेल्यावर त्यांनी बेबीनंदाला थांबवून घेतलं आणि दार लावलं. स्वतः ओढ्यावर जाऊन माती आणली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं. पोरीपुढं बसून त्यांनी सगळं सांगितलं. उतारा खोटा होता, गावाचं तोंड बंद करायला केला. आजा दम्यानं गेला, बाप मशीननं गेला. मी चुकले, मी तिथं ओरडायला पाहिजे होतं. तू खेळ, काही होत न्हाई. बोलता बोलता त्यांनी मातीचा गोळा तिच्या हातात द्यायला पुढं केला.

बेबीनंदानं दोन्ही हात पाठीमागं नेले. बाईंच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, मायेनं, काळजीनं, मोठ्या माणसानं बघावं तसं.

"नको बाई," ती म्हणाली. "तुमी मरताल."

आणि खाली बसून तिनं बाईंच्या लुगड्याला लागलेली माती आपल्या झग्यानं पुसायला घेतली, एक कण राहू न देता.